गणपतीच्या कारखान्यातली तीन डोकी

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक डोकं खातं, डोकं मागत नाही. त्यामुळे त्या बाई कारखान्यात येऊन "मला माणसाची तीन डोकी करून हवीत" असं म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना आधी स्टूल दिलं आणि मग पंख्याचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. मे महिना होता. नंदुरबारच्या उन्हात माणसं याहून वेडंवाकडं बोललेली मी ऐकली आहेत.

बाई डॉक्टर निघाल्या. नाव वैशाली. मूळच्या साताऱ्याकडच्या, नोकरी वर सातपुड्यातल्या दवाखान्यात, आणि संशोधन सापाच्या विषावर. सापाचं विष माणसाच्या अंगात शिरून काय काय करतं, कशाने उतरतं, याचा त्या अभ्यास करत होत्या. एवढं शिकलेलं माणूस आमच्या कारखान्यात याआधी फक्त वर्गणीतली मूर्ती बघायला आलं होतं.

मी गणपती करतो. म्हणजे करायचो. आता मुलगा करतो आणि मी त्याच्या चुका काढतो. हे कामही कमी नाही, पण त्याची कोणी दखल घेत नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं, मूर्तिकार मातीचा गोळा घेऊन बसतो आणि त्यातून देव काढतो. तसं काही नसतं. आमचं सगळं साच्यावर चालतं. एकदा मूळ मूर्ती घडली की तिचा साचा काढायचा, त्यात प्लास्टर आणि काथ्या भरून एकसारख्या मूर्ती काढायच्या, वाळवायच्या, पॉलिश पेपरने घासायच्या, रंग मारायचा. एवढं कारागीर करतात. शेवटी उरतात डोळे. त्या कामाला आम्ही आखणी म्हणतो, आणि कारखान्याचं नाव आखणीवर चालतं. पापणीची रेघ जरा खाली आली की देव पेंगतो, जरा वर गेली की दचकतो. साचा कोणाचाही असो, डोळे बिघडले तर मूर्ती पडून राहते.

सुरतेकडच्या एका मंडळाचे अध्यक्ष मूर्ती नेल्यावर भांडायला परत आले होते. म्हणे, गणपती माझ्याकडे बघत नाही. मी विचारलं, आरतीला तुम्ही कुठे उभे राहता? म्हणाले, बाजूला, माईकजवळ. मी म्हटलं, अध्यक्ष, गणपती समोर बघतो, तुम्ही समोर या. ते समोर आले असतील असं वाटत नाही, पण पुढच्या वर्षीची मूर्ती त्यांनी आमच्याकडूनच नेली.

तर डॉक्टर मॅडम. मी म्हटलं, "साप करून हवेत का? नागपंचमीचे साचे पडलेत."

"साप नकोत," त्या म्हणाल्या. "मण्यार चावलेला माणूस हवाय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. मण्यार घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की खूण सापडत नाही. सूज नाही, आग नाही. माणूस सकाळी उठतो आणि म्हणतो, पोटात दुखतंय. घरचे ओवा देतात, मग भगताकडे नेतात. तोवर गिळता येत नाही, बोलता येत नाही, आणि शेवटी श्वास थांबतो. साप कोणी पाहिलेलाच नसतो. ओळखायची खूण एकच, ती चेहऱ्यावर असते. पापण्या पडायला लागतात.

"त्या वेळी ओळखलं आणि माझ्याकडे आणलं तर माणूस वाचतो," मॅडम म्हणाल्या. "मी बसलेय तिथे, औषध आहे. पण लोक पोटदुखी समजून घरी बसतात, आणि माझ्याकडे येतात तेव्हा उशीर झालेला असतो."

मी विचारलं, फोटो का लावत नाही? म्हणाल्या, मरायला टेकलेल्या माणसाचा फोटो भिंतीला लावायचा, हे त्यांना पटत नाही. त्याला कोणी विचारलेलं नसतं. आणि लिहून लावलं तर ते मराठीत. वर घराघरात भिली आणि पावरी चालते, मराठी शाळेत आणि कचेरीत. म्हणून तीन डोकी. पहिल्याचे डोळे उघडे, दुसऱ्याचे अर्धे पडलेले, तिसऱ्याचे मिटलेले. दुसरं बघून लोकांनी जीप गाठली पाहिजे.

"पापणीचं काम कोण करतं म्हणून विचारलं," त्या म्हणाल्या, "तर सगळ्यांनी तुमचं नाव सांगितलं."

हे ऐकल्यावर मी नाही म्हणणार नव्हतो. माणूस आहे.

आता आमची कामाची रीत बघा. कोरं काही सुरू करायचं नाही, घरात कोणता साचा बसतो ते आधी बघायचं. बघितलं. ध्यानाला बसलेल्या शंकराचा साचा होता. जटा काढल्या, गंगा काढली, तिसरा डोळा बुजवला. ध्यानस्थ शंकराचे डोळे मुळातच अर्धे मिटलेले असतात. मी मनात म्हटलं, निम्मं काम देवानेच करून ठेवलंय. तीन डोकी काढली. पहिल्याचे डोळे उघडले, दुसऱ्याच्या पापण्या आणखी जरा उतरवल्या, तिसऱ्याच्या पुऱ्या मिटवल्या, अंगाचा रंग सावळा घेतला, आणि डोकी वाळायला ओट्यावर ठेवली.

आमची मंडळी चहा घेऊन आली आणि तिथेच थबकली. "आहो, हाई काय शे?"

"दवाखान्याचं काम शे."

"गणपतीना घरमा मुडदासनी डोकां? डोकं फिरनं का तुम्हनं?"

मी तिसऱ्या डोक्यावर फडकं टाकलं. दुसऱ्याकडे तिने जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "हाऊ मातर चांगला शे." मी ती तारीफ समजलो. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

डोकी वर दवाखान्यात गेली. व्हरांड्यात टेबल मांडून त्यावर ठेवली. काही दिवसांनी मॅडमचा फोन आला. आवाज अगदी शांत.

"तुमचं दुसरं डोकं इथे प्रसन्न झालंय," त्या म्हणाल्या.

झालं असं की, पहिल्या दिवशी जीपवाल्याने येता-जाता हात जोडले. दुसऱ्या दिवशी कोणी तरी विचारलं, हे कोणते महाराज? शिपायाला माहीत नव्हतं, पण नाही म्हणायची त्याला सवय नाही, तो म्हणाला, आपले नवीन आहेत. मग हार आला. मग नारळ. सिस्टरने उदबत्ती लावली. तिला विचारलं तर म्हणाली, सगळे लावतात, आपणच नाही लावली तर बरं दिसत नाही.

"लोकांना ह्याच्याकडे बघून शांत वाटतंय," मॅडम म्हणाल्या. "मला त्यांना घाबरवायचंय हो."

मी पहिली जीप पकडून वर गेलो. माझ्या हातची मूर्ती पुजली जाते याचं मला आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं. डोकं बघितलं, तर कुंकू थेट नाकापर्यंत ओघळलं होतं आणि महाराज खरंच प्रसन्न दिसत होते. मॅडमसमोर बसलो आणि म्हटलं, "मला एक सांगा. आमच्यात डोळे काढायच्या आधी एकच गोष्ट ठरवतात, त्याला बघायचंय की नाही. गणपतीला बघायचंय, म्हणून त्याचे डोळे उघडे. ध्यानातल्या शंकराला बघायचं नाही, म्हणून मिटलेले. ह्या तुमच्या माणसाचं काय?"

"त्याला बघायचंय," त्या म्हणाल्या. "जिवाच्या आकांताने बघायचंय. पापणी उचलत नाही, म्हणून तो कपाळ वर ओढतो, भुवया चढवतो. तरी दिसत नाही, म्हणून मान मागे टाकून खालच्या फटीतून बघतो."

"हे आधी नाही सांगायचं का?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुम्ही डोळ्यांचे कारागीर."

"देवांच्या डोळ्यांचा," मी म्हटलं. "देवांच्या पापण्या जड होत नाहीत."

आम्ही असे एकमेकांवर करवादत असताना मोलगीच्या बाजूची एक जीप आवारात शिरली. तिच्यातून बापाच्या खांद्याला धरून एक तरुण पोरगी उतरली आणि नाक वर करून, हनुवटी आभाळाकडे धरून चालत आली. मी मनात म्हटलं, काय तोरा आहे हिचा. मग लक्षात आलं, तोरा नव्हता. ती पायाखालची वाट बघत होती. कपाळावर आठ्यांवर आठ्या, भुवया केसांत जायच्या बेतात, आणि पापण्या तरी अर्ध्यावरच.

मला भीती वाटली. जे मी शंकराच्या चेहऱ्यावर शोधत बसलो होतो, ते समोर पायांनी चालत आलं होतं.

पोरीचं नाव सोनकी, बापाचं डेडल्या. मॅडमनी तिला लगेच आत घेतलं, सलाईन लावलं, विषावरचं औषध सुरू केलं. पण औषध लागू पडायच्या आधीच विष पुढे सरकत होतं. माझ्या डोळ्यांदेखत पापण्या पुऱ्या मिटल्या, कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या, हात पडले, श्वास उथळ झाला. मॅडमनी घशात नळी घातली आणि तिला रबरी फुगा जोडला. तो हाताने दाबला की छातीत हवा जाते. श्वास देणारं मशीन खाली नंदुरबारला. तिथपर्यंत कोणी तरी फुगा दाबत राहायला हवं होतं.

अँब्युलन्समध्ये मॅडम, डेडल्या आणि मी. मला तसंही नंदुरबारलाच जायचं होतं.

आळीपाळीने दाबायचं ठरलं. मला जमेना, हात घाई करत होता. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही स्वतः श्वास घ्याल तेव्हाच दाबा." मग जमलं. घाटातल्या वळणांवर माझा श्वास आणि त्या परक्या पोरीचा श्वास एकच चालला होता.

"बोलत राहा तिच्याशी," मॅडम म्हणाल्या. "तिला ऐकू येतंय."

मी सोनकीकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर काही उरलं नव्हतं. "हिला?"

"विषाने फक्त स्नायू थांबवलेत. ती आत पूर्ण जागी आहे. बोला."

परक्या बाईमाणसाशी काय बोलणार? मला धंद्याशिवाय काही बोलता येत नाही. मी धंद्याचंच बोललो. म्हटलं, पोरी, तुझं कपाळ अरुंद आहे, त्यामुळे आठ्या दाट पडतात, हे साच्यात यायचं नाही, हाताने घडवावं लागेल. प्लास्टर चालणार नाही, शाडू घ्यावा लागेल. भुवया तुझ्या जाड आहेत ते बरंय. असं काहीबाही, न थांबता.

अर्ध्या वाटेत डेडल्याची पाळी आली, पण त्याने फुगा माझ्या हातातून घेतला नाही. लेकीच्या तोंडाकडे बघत तो म्हणाला, "गेली ती. गाडी थांबव. घरी नेतो. रस्त्यात नको."

"गेली नाही," मॅडम म्हणाल्या.

"मला दिसतंय ना."

त्याचं चुकत नव्हतं. मलाही तेच दिसत होतं. मॅडमनी गाडी थांबू दिली नाही. डेडल्या खिडकीकडे तोंड करून रडायला लागला, मोठ्याने, आणि मी दाबत राहिलो.

नंदुरबारला तिला मशीनवर ठेवलं. काही दिवसांनी तिचं बोट हललं, मग पापणी उचलली गेली. सोनकी वाचली.

मी शंकराचा साचा बाजूला ठेवला आणि दुसरं डोकं शाडूतून कोरं घडवलं. चढलेल्या भुवया, आठ्यांचं कपाळ, मागे गेलेली मान, आणि पापण्या मात्र पडलेल्या. बघवत नव्हतं. दवाखान्यात ठेवल्यावर मॅडमचा फोन आला. "कोणी हात जोडत नाही," त्या आनंदाने म्हणाल्या. "लोक विचारतात, ह्याला काय झालंय?" पुढे त्यांनी तसं एक डोकं भगताच्याच घरी नेऊन ठेवलं. लोक आधी तिथेच जाणार, तर डोकं तिथेच असू दे. भगत समंजस माणूस. पोटदुखीवाला आला की तो त्याचे डोळे बघायचा, मग डोक्याकडे बघायचा, आणि जमत असेल तर स्वतः जीपमध्ये बसवून द्यायचा. आपला मंत्रही म्हणायचा, त्याला मॅडमची हरकत नव्हती.

अडलं ते तिसऱ्या डोक्यापाशी.

"ते बघून लोक काय म्हणतात माहितीये?" मॅडम म्हणाल्या. "मेला म्हणतात. आणि इथेच आम्ही माणसं गमावतो. डोळे मिटले, अंग पडलं, की घरचे परत फिरतात. तो जिवंत आहे हे तुमच्या डोक्यात दिसलं पाहिजे."

"आणि खऱ्या माणसात दिसतं का?"

"नाही."

"मग माझ्या डोक्यात कुठून दिसेल?"

दोघंही खरं बोलत होतो, त्यामुळे भांडण मिटेना. तिसरं डोकं परत कारखान्यात आणून मी ओठांना गुलाबी रंग दिला, तर नाटकातलं पात्र झालं. ओठांचे कोपरे किंचित उचलले, तर महाराज परत आले. गालावर जिवंतपणाचा उजाळा दिला, तर आमची मंडळी म्हणाली, "मुडदाले पावडर लाई का?" मी हात टेकले. पापणीच्या रेघेत जीव आणता येतो, असं मला उभा जन्म वाटत आलं होतं.

सोनकी तपासणीसाठी बापाबरोबर नंदुरबारला आली, तेव्हा मॅडमनी तिला कारखान्यात पाठवलं. मी फोनवर रंगवाल्याशी भांडत होतो. ती दारातच उभी राहिली, आणि मी फोन ठेवल्यावर म्हणाली, "तूच ना तो, गाडीत बडबड करणारा?"

वर डोंगरात सगळ्यांना तूच म्हणतात, त्यात अपमान नसतो. मी म्हटलं, "तू तर डोळे मिटून होतीस."

"कान मिटतात का? माझं कपाळ अरुंद म्हणालास."

"आहेच अरुंद."

ती खळखळून हसली. मग बापाकडे न बघता म्हणाली, "हा म्हणाला गाडी थांबव, ते पण ऐकलं. मी आतून ओरडत होते. तोंड हालत नव्हतं."

डेडल्या रंगाच्या डब्यांकडे बघत उभा राहिला. मी चहा सांगितला.

चहा होईस्तोवर ती डोकी बघत होती. दुसऱ्याची एक जादा प्रत माझ्याकडे होती, तिच्यापाशी म्हणाली, "नाक माझं नाही." मी म्हटलं, नाक कोणाचंच नाही. तिसऱ्यापाशी म्हणाली, "ही मेलेली."

"ती तू आहेस."

तिने डोकं उचलून मांडीवर घेतलं. "असं बघून कोणाला कळणार?"

"तेच अडलंय," मी म्हटलं.

"मोलगीच्या बाजारात मांड," ती म्हणाली. "मी उभी राहते ह्याच्याजवळ."

इतके दिवस मी आणि मॅडम डोक्याला धरून बसलो होतो. बाजूला जिवंत माणूस उभं करावं, हे एकालाही सुचलं नव्हतं.

मोलगीच्या बाजाराच्या दिवशी आम्ही मिरच्या आणि सुकी मासळी विकणाऱ्या बायांच्या ओळीत टेबल मांडलं. मॅडम मराठीत सांगायच्या, सोनकी भिलीत. पहिलं डोकं, दुसरं डोकं. तिसऱ्यापाशी लोक मान हलवायचे, गेला म्हणायचे. मग सोनकी त्या डोक्यावर हात ठेवायची आणि सांगायची, ही मी आहे. मी अशी पडले होते आणि सगळं ऐकत होते. लोक तिच्याकडे बघायचे, डोक्याकडे बघायचे, परत तिच्याकडे. एका बाईने तिच्या दंडाला चिमटा काढून बघितला. मी मागे उभा राहून बघत होतो आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटत होतं.

गर्दीत एक म्हातारा होता, खांद्यावर बाजाराची पिशवी. तो बराच वेळ तिथून हलला नाही. लोक पांगल्यावर पुढे आला आणि मॅडमना मोडक्या मराठीत म्हणाला, "डाक्टरीण, माझा पोऱ्या असाच झाला होता. डोळे मिटले. आम्ही वाटेतून परत नेला." मग तिसऱ्या डोक्याकडे बघत म्हणाला, "तो ऐकत होता का?"

मला वाटलं, मॅडमनी आता खोटं बोलावं. नाही म्हणावं, त्याचं वेगळं असेल म्हणावं, काहीही म्हणावं. पण त्यांना खोटं बोलता येत नाही, त्या विषयात तर नाहीच. त्यांचे डोळे भरले. "ऐकत असेल, बाबा," त्या म्हणाल्या.

म्हातारा सोनकीकडे वळला आणि त्याने भिलीत काही विचारलं. तिने उत्तर दिलं. तिचा बाप माझ्या शेजारी होता, त्याने हळू आवाजात मला सांगितलं. म्हातारा विचारत होता, काय ऐकू येतं? आणि ती म्हणाली, सगळं येतं, पण आपलं नाव घेतलं की जास्त येतं.

"मी घेत होतो," म्हातारा म्हणाला. हे त्याने मराठीत म्हटलं, आम्हा सगळ्यांना कळावं म्हणून असेल. "घरापर्यंत घेत होतो."

"मग ते त्याने ऐकलं," सोनकी म्हणाली.

म्हाताऱ्याने पिशवी खाली ठेवली आणि वाकून तिसऱ्या डोक्याच्या कानाशी तोंड नेलं. त्या डोक्याच्या पापण्यांवर मी जीव ओतला होता. कान मात्र साच्यातून आले तसेच सोडले होते, नुसती कड, आत भोकसुद्धा नाही. म्हाताऱ्याने तिथे एक नाव घेतलं. जरा थांबला. मग परत घेतलं, थोडं मोठ्याने.